ताईच्या लोणच्याची बोली

शेवटची भेट झाली तेव्हा ताई दवाखान्याच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. पाय सुजलेले, आवाज बसलेला, हाताला सलाइन. मला बघताच म्हणाली, "कुसुम, माझं दानाचं पाकीट उशीखाली आहे. रविवारी टाकायला विसरू नकोस." मी चिडले. "ताई, आधी बरी हो. देवाला तुझ्या पाकिटाची घाई नाही." ती हसली. "देवाला नाही गं. मला आहे..." त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी आमच्या शेजाऱ्यांकडे भाऊजींचा फोन आला. "कमल गेली," एवढंच बोलले. दफनविधीनंतरच्या रविवारी मी ते पाकीट दानाच्या पिशवीत टाकलं. खोटं कशाला सांगू, दातओठ खातच टाकलं.

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव कमल साळवे. पण मीरा रोडच्या आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत तिला कमल म्हणणारं कुणी नव्हतं. ती सगळ्यांची पाळकीणबाई. भाऊजी मंडळीचे पाळक. उपासना चालवायची, लग्नं लावायची, बारसं असो की मयत, सगळ्यांच्या आधी पोचायचं, हे त्यांचं काम. दहाएक वर्षांपूर्वी दोघं नगरकडून आले, पूनम सागरला तळमजल्यावर भाड्याची जागा घेतली. बाहेर सगळीकडे बांधकामाची रेती आणि चिखल, पाणी टँकरचं. उपासना त्यांच्याच बाहेरच्या खोलीत व्हायची. शनिवारी ताई खाट भिंतीला उभी करायची, फरशी पुसायची, चटया घालायची, आणि रविवारी दुपारी सगळे गेले की खाट परत आडवी. आमच्या मंडळीच्या पाठीशी कुठलं मोठं मिशन नव्हतं. लोक जे देतील त्यावर सगळं चालायचं.

आणि लोक देत होते, हे मला कबूल केलंच पाहिजे. बँकेतले, रेल्वेतले, शाळेतले नोकरदार, नव्या घरांचे हप्ते फेडणारे, तरी पिशवी कधी रिकामी फिरली नाही. काही जण तर मिळकतीचा दशांश इमानेइतबारे द्यायचे. पण पंचांनी सुरुवातीलाच ठरवलं, आधी स्वतःची जागा होऊ दे, मग पाळकसाहेबांचं नीट बघू. जागा झाली. दोन गाळे एक करून छान प्रार्थनागृह उभं राहिलं. मग पंखे आले, मग बाकं, मग माइक. पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव, बाकाच्या पाठीवर नाव. भाऊजींच्या पाठीवर काही कुणाचं नाव रंगवता येत नव्हतं, म्हणून त्यांचा पगार कायम मागे राहायचा. कधी अर्धा, कधी पुढच्या महिन्यात, कधी "बघू या पाळकसाहेब, प्रभू चालवील." आणि भाऊजी! "मागणारा पाळक मला व्हायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं. नम्र माणूस, देवमाणूस, सगळं खरं... पण दूधवाल्याला तोंड ताईला द्यावं लागायचं.

मग तिने भाईंदरच्या एका खोट्या दागिन्यांच्या व्यापाऱ्याकडून मणी ओवायचं काम आणलं. दुपारी परातीत मणी ओतून बसायची. सेठ खूश. "बहनजी, आपका हाथ साफ है, दुल्हन का सेट आप ही बनाओ." ही बातमी मंडळीत गेली आणि आमचे चिटणीसकाका घरी आले. मी तिथेच होते. काका म्हणाले, "पाळकीणबाई, हे शोभत नाही हो. बाहेरचे लोक काय म्हणतील? मंडळी पाळकाला उपाशी ठेवते?" माझ्या जिभेवर उत्तर आलंच होतं. ताईने डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि म्हणाली, "काका, चहा घेता ना?" त्या चहाची साखर मण्यांच्या मजुरीतून आली होती. काकांनी दोन कप घेतले.

माझा खरा संताप पुढेच आहे. त्या मजुरीतूनसुद्धा ती दशांश बाजूला काढायची! एकदा माझा ताबा सुटला. "तुला वेड लागलंय का? ज्यांनी तुमचा पगार अडवलाय, त्यांनाच तू आणखी देतेस?" ती म्हणाली, "मी पंचांना देत नाही, देवाला देते." मी म्हटलं, "पण देवाच्या हातून ते खजिनदाराकडेच जातं ना?" ती मणी ओवत राहिली. मान वर न करता म्हणाली, "ते देत नाहीत म्हणून मीही द्यायचं बंद केलं, तर त्यांच्यात नि माझ्यात फरक काय गं?" मी पिशवी उचलली आणि जेसल पार्कला माझ्या घरी निघून आले.

मग तो कापणीचा सण आला. गावाकडे शेतातलं पहिलं पीक देवाच्या घरी आणायची आमची रीत. मीरा रोडला शेत कुठलं? लोक बाजारातून भोपळे, नारळ, अंडी आणायचे, बायका केक नि फराळाचं आणायच्या, आणि उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव व्हायचा. येणारा पैसा मंडळीच्या कामाला. ताईने लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली होती. चिटणीसकाका आणि आमच्यातलेच एक इस्टेट एजंट यांच्यात चुरस लागली. बोली चढत गेली. एजंटने पैसे भरून बरणी घेतली, वर हात करून सगळ्यांना दाखवली आणि मंडळीला परत दिली. पुन्हा लिलाव. मग काकांनी घेतली, त्यांनीही परत दिली. पुन्हा बोली, पुन्हा टाळ्या. "पाळकीणबाईंचं लोणचं!" म्हणून लोक ओरडत होते, हसत होते. ताईही हसत होती. तो सगळा पैसा नव्या लाद्यांना गेला.

पुढच्याच रविवारी मंडळीची वार्षिक सभा होती. हिशेब वाचून झाले. "कुणाला काही विचारायचं आहे का?" असं काकांनी पुरुषांच्या बाजूला बघून विचारलं, आणि बायकांच्या बाजूने ताई उभी राहिली. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला. म्हणाली, "माझ्या लोणच्याला गेल्या रविवारी तुम्ही जेवढं मोल दिलंत, तेवढं महिनाभर राबून माझ्या नवऱ्याला मिळत नाही. लोणचं मी एका दुपारी घातलं होतं. त्यांनी तुमच्यासाठी सगळं आयुष्य घातलंय. एवढंच विचारायचं होतं, की यातलं जास्त मोलाचं काय?" आणि ती खाली बसली. भाऊजींनी मान खाली घातली होती.

घरी आल्यावर भाऊजी म्हणाले, "तू मला भिकारी केलंस." ताई म्हणाली, "ते आपण होतोच. मी फक्त मोठ्याने सांगितलं." पुढे कितीतरी दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. पगार मात्र एक तारखेला येऊ लागला. मला वाटलं, सुटली एकदाची! कसलं काय... दिवाळीच्या सुमाराला नवे स्पीकर घ्यायचे ठरले आणि पगार पुन्हा मागे सरकला. दोन कुटुंबं रागावून दुसऱ्या मंडळीत गेली. काही बायका ताईला "लोणचंवाली" म्हणू लागल्या, तिच्या कानावर जाईल अशा बेताने. आणि पुढच्या कापणीच्या सणाला ही बाई पुन्हा बरणी घेऊन हजर! मी कपाळावर हात मारला. म्हणाली, "सण आहे ना गं."

तिला साखरेचा आजार होता. गोळ्या ती एक दिवसाआड घेते, हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. भाऊजींनाही माहीत नव्हतं. पायाची जखम बरी होईना, मग मूत्रपिंडं बिघडली... तिने काय काय वाचवलं आणि कुणासाठी, याचा विचार करायला लागले की आजही माझं डोकं फिरतं. तिच्यावर चिडावं की मंडळीवर, तेच कळत नाही.

तिच्या स्मरणसभेत लोक भरभरून बोलले. चिटणीसकाकांनी जाहीर केलं, पाळकीणबाईंच्या स्मरणार्थ व्यासपीठाला संगमरवर बसवायचा. तिथल्या तिथे रकमा बोलल्या जाऊ लागल्या, अगदी लिलावासारख्या. तेव्हा भाऊजी उठले. म्हणाले, "मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. त्याला मी नम्रता समजत होतो. त्या नम्रतेची किंमत कमलने भरली. आज पहिल्यांदा मागतोय. मी आता निवृत्त होतोय. नवीन पाळक येतील, त्यांच्याबरोबर त्यांची तरुण बायको येईल. दगड नको. त्यांचा पगार वेळेवर द्या." सगळे "आमेन" म्हणाले. आमेन म्हणायला पैसे पडत नाहीत.

संगमरवर बसला. त्यावर "पाळकसाहेबांच्या पत्नींच्या स्मरणार्थ" असं कोरलंय. तिचं नाव नाही. खाली देणाऱ्यांची नावं आहेत, सगळी पूर्ण, आडनावांसकट.

नवीन पाळक आलेत. भाऊजींनी पूनम सागरची जागा त्यांना सोडली आणि ते माझ्याकडे राहायला आले. या एक तारखेला आम्ही चार बायकांनी मिळून तांदूळ, डाळ, तेल, साखर भरली आणि मी ती पिशवी नेऊन दिली. दार नव्या पाळकीणबाईंनी उघडलं. त्यांचं नाव मी आधीच विचारून ठेवलं होतं. म्हटलं, "सुनीता, हे आत ठेव." ती बावरली. पिशवीकडे बघत म्हणाली, "मावशी, चिटणीसांना कुणाचं नाव सांगू? पावती करावी लागेल ना?"

"कुणाचंच नको सांगूस," मी म्हटलं. "पिशवी तेवढी रिकामी करून दे. पुढच्या महिन्याला लागेल."