माहेरची तुराटी

माझं सासर साखरखेर्ड्याचं. विहीर अंगणातच, त्यामुळे पाण्याच्या निमित्तानंसुद्धा उंबऱ्याबाहेर पाय पडायचा नाही. लग्नात मानपानावरून माझे वडील आणि सासूबाई यांचं असं काही वाजलं होतं, की चार वर्षं मला माहेर दिसलं नाही. नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, "आईले विचार." झालं! विषय तिथंच संपायचा.

वडील बुलढाण्याला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. साहेब नागपूरला बदलून गेला तेव्हा त्याचं एक परदेशी निवडुंग वडिलांकडे राहिलं. त्याचंच एक रोप त्यांनी पाठवणीच्या वेळी माझ्या हातात दिलं. वर करंगळीएवढी काटेरी काडी, सगळा जीव खाली कंदात. विटांचा चुरा आणि रेती घालायची, पाणी बेतानं द्यायचं. कंद कुजला की संपलं, एवढं त्यांनी बजावलं होतं. सासूबाई त्या काडीला तुराटी म्हणायच्या. चुलीत घालायची तुरीची वाळकी काडी ती तुराटी! एकदा मी माहेरी जायचा हट्ट धरला तेव्हा हसून म्हणाल्या, "तुह्या तुराटीले फूल आलं का जाजो. मी काई अडवत नाई."

थट्टाच होती ती. मी मात्र तो शब्द पदरात बांधून ठेवला. पावसात कुंडी वळचणीच्या आत ओढायची, उन्हात बाहेर ठेवायची, हाच माझा नेम. आणि चौथ्या वर्षी श्रावणात काडीच्या टोकाला मुगाएवढी कळी! मला रडूच कोसळलं. पण सांगायचं कोणाला? कोणी मुद्दाम खुडली तर? मी कुंडी फिरवून कळी भिंतीकडे केली आणि फुलायची वाट बघत गप्प राहिले. माझंच शहाणपण, दुसरं काय!

ऋषिपंचमीला मी नेमकी बाजूला बसलेली. गोठ्याशेजारच्या खोलीत, कशाला हात लावायचा नाही. सासूबाईंचा त्या दिवशी कडक उपास. बैलाच्या मेहनतीचं काही खायचं नाही. नांगर न लागलेल्या जागेतलं, हातानं खणलेलं तेवढंच चालायचं. दुपारी त्यांनी लांबूनच माझ्याकडे ताट सरकवलं. भाजीत पांढऱ्या फोडी होत्या. रताळं नव्हतं, सुरणही नव्हतं.

"आत्याबाई, हे काय आहे?"

"तुह्या तुराटीचा कंद व्हय. सकाळी पाह्यलं तं कुंडी तडकेल दिसली, अन् आत एवढा मोठा कंद! म्हटलं, देवानंच धाडला. बैलाचं खूरबी नाई लागलं त्याले."

खुशीत होत्या हो बाई! मनात वाईट काहीच नव्हतं. दाराशेजारच्या उकिरड्यावर काडी पडली होती. ती उचलून मी त्यांच्यासमोर धरली. कळीचं टोक गुलाबी झालं होतं. दोन-चार दिवसांत उमलली असती.

त्या बघतच राहिल्या. "माय वं! सांगाचं नाई का मले?"

"सांगितलं असतं तर पाठवलं असतं?" चार वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज चढला होता.

सासूबाई सोवळंओवळं विसरून माझ्याजवळ मातीतच बसल्या. आता त्यांना पुन्हा आंघोळ लागणार होती. पदरानं हात पुसत त्या म्हणाल्या, "नसतं पाठोलं. तू गेली तं या घरात मी कोणासंग बोलू वं?"

तोंडाशी आलेल्या शिव्या मी गिळल्या. चार वर्षं जिच्यावरच्या रागावर मी दिवस ढकलले, ती वैरीणसुद्धा आता राहिली नाही. मी ताट ओढलं आणि त्यांच्याशेजारी बसून ती भाजी खाल्ली.