मशीनच्या खणातली फाईल

मनमाडला रेल्वे क्वार्टर्समध्ये ब्लाउज शिवणाऱ्या उज्वलाबाईंची जीभ अशी धारदार, की माप द्यायला आलेल्या बायका आधी अंग चोरून उभ्या राहायच्या. तीच जीभ एका गोष्टीवर मात्र टाळ्याला चिकटलेली होती. लेकीचा दमा.

वेदिका अकरा वर्षांची असताना तिचा पाय मुरगळला, घरातली दुखण्याची गोळी दिली, अन् तासाभरात पोरगी काळीनिळी पडली. डॉक्टरांनी तेव्हाच समजावलं, "सगळ्यांचं नाही, पण काही दमेकऱ्यांचं असं होतं. या गोळ्यांनी श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळतात. पुन्हा देऊ नका." फाईलवर लाल शाईत लिहूनही दिलं.

पिंपळगावचं स्थळ आलं आणि ती फाईल शिलाई मशीनच्या खणात गेली. पंप लागणारी पोरगी कोण करून घेणार? "पंप पर्सच्या तळाशी ठेव," उज्वलाबाईंनी लेकीला बजावलं. "मोरीत नळ सोडून ओढत जा. एक मूल झालं की सांगू." आईची ही अक्कल!

लग्नाच्या आठव्या महिन्यात एका दुपारी वेदिकाचा दबक्या आवाजात फोन आला. "आई, दाढ ठणकतेय. सासूबाई गोळी घेऊन उभ्याच आहेत. खरं सांगू का?"

"अजिबात नाही. पित्त होतं म्हण."

"दोनदा म्हणाले. त्या म्हणतात, जेवून घे."

"मग तोंडात धर अन् थुंकून टाक," असं म्हणून उज्वलाबाई बाहीला टाचणी लावायला वळल्या.

सासू छायाबाई मायेची बाई. सुनेनं पाण्याबरोबर गोळी गिळेपर्यंत जवळून हलली नाही. पुढे पोरीचा श्वास कोंडला, तेव्हा तिला शब्द फुटेना. पंप कपाटातल्या पर्समध्ये होता, चार हातांवर. तो शोधायचा असतो हे त्या घरात कुणाला ठाऊक? दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

उज्वलाबाई पोचल्या. डॉक्टरांनी विचारलं, "तिला दमा होता का? कधी गोळी बाधली होती?" व्याही, जावई, सगळे त्यांच्याकडे बघत होते. आता लपवून राखायचं काय उरलं होतं? तरी त्या म्हणाल्या, "नाही हो. कधीच नाही."

याला तीन वर्षं झाली. छायाबाई निम्म्या राहिल्यात. दरवर्षी त्या मनमाडला येतात, त्याच मशीनपाशी खाली बसतात आणि उज्वलाबाईंचे पाय धरतात. "म्याच दिली हो, माझ्या हातानं. लय मोठं पाप झालं."

उज्वलाबाई त्यांना उठवतात. "तुमचा काही दोष नाही, विहीणबाई," म्हणतात. त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढंच एक खरं वाक्य, आणि छायाबाईंचा नेमका त्यावरच विश्वास बसत नाही.