‘रिकामे’ नावाचा फोल्डर

काका गुरुवारी वारले. तेराव्यानंतर त्यांची मुलगी सुनंदा माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, बाबाचा आवाज हाय का हो तुमच्याकडं? आमच्याकडं नुसते फोटोच हायती.”

मी “बघतो” म्हणालो.

पाटोद्यात त्यांना सगळे ‘कानवाले काका’ म्हणत. बाजारात त्यांचं रेडिओ आणि भोंगे दुरुस्त करण्याचं दुकान होतं. मी कॉलेजात शिकवायचो आणि सुट्ट्यांत आसपासच्या गावांवर छोटे माहितीपट करायचो. कॅमेरा माझा, माइक काकांचा. अकरा वर्षं आम्ही असे हिंडलो. आवाज टिपणारं कुठलंही यंत्र सुरू झालं की काका गप्प होत. घरात कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढू लागलं तरी तेच. सवयच ती.

त्यांचा एक नेम होता. चित्रण संपलं की सगळ्यांना जागच्या जागी उभं करायचं आणि एक मिनिट नुसता त्या जागेचा आवाज भरून घ्यायचा. एकदा एका स्वयंपाकघरात घरची बाई वैतागली. “काय भरून घ्यायलात? इथं कायच न्हाई.”

“तेच पायजे, आक्का,” काका म्हणाले आणि हात वर केला. मिनिट संपल्यावर हात खाली आला. “झालं. हाला आता.”

जागेच्या खऱ्या आवाजाचं मोल मला पटायला आष्टीकडचा एक प्रसंग घडावा लागला. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्यांचा आवाज वाऱ्यानं खराब झाला होता. काका म्हणाले, “परत जाऊ.” मी कंटाळलो आणि इंटरनेटवरून घुंगरं उतरवून चित्राला जोडली. पुढे त्याच गावात शाळेच्या भिंतीवर माहितीपट दाखवला. गाडीवानाची बायको मागून मोठ्यानं म्हणाली, “बैल आमचेच हायती, पर घुंगरं कुणाची लावलीत?” लोक हसले. त्यानंतर त्यांनी एकही गोष्ट खरी मानली नाही. चित्रात बाजेवर झोपलेलं लेकरूसुद्धा भाड्यानं आणलंय का, असं एकानं विचारलं.

परतताना काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मास्तर, माणूस डोळ्यानं बघतो, पर इस्वास कानानं ठेवतो.”

ती मिनिटं मी संगणकावर एका फोल्डरमध्ये टाकत असे. त्याला नाव दिलं होतं ‘रिकामे’. काकांनी एकदा ते वाचलं. “रिकामं कावून म्हणताव? लई भरलंय की त्यात.” मी हसलो, नाव बदललं नाही. गेल्या वर्षी संगणकात जागा उरली नाही. काय पुसावं म्हणून यादी चाळताना ते नाव दिसलं आणि मी तो फोल्डर पुसला. प्रत्येक मिनिटाच्या शेवटी काकांचे तीन शब्द होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

सुनंदा गेल्यावर मी चार दिवस शोधत होतो. धर्मापुरीच्या देवळातलं एक मिनिट चुकून दुसरीकडे पडलेलं सापडलं. पारवे घुमतात. लांब कुणीतरी बादली ठेवतं. जवळच कुणाचा तरी श्वास चालू आहे, नाकात बारीक शीळ वाजवत. काकांचा हात खाली येण्याची मी वाट बघतो आणि तेवढ्यात माझाच आवाज येतो, “झालं का, काका?” त्यांचे तीन शब्द माझ्या बोलण्याखाली दबले आहेत. पुढे फाईल संपते.

सुनंदाला बोलावून मी सगळं सांगितलं, पुसल्याचंही. तिनं हेडफोन लावले आणि डोळे मिटले. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

“शीळ बाबाचीच हाय,” ती म्हणाली. “झोपल्यावर अशीच वाजायची.”

ती फाईल आता तिच्या फोनमध्ये आहे आणि माझ्या संगणकावर. एक मिनिट चार सेकंदांची आहे. शेवटचे चार सेकंद माझे आहेत.