सहा जुलै की सात जून

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसते. गावोगावच्या शेतांत आमचे कपाशी बीजोत्पादनाचे प्लॉट असतात. प्रत्येक प्लॉटची लागवडीची तारीख माझ्या एक्सेलमध्ये येते आणि तिच्यावरून तपासणीचा दिवस ठरतो. फुलं भरात यायच्या आत आमच्या माणसानं जाऊन वेगळी दिसणारी झाडं उपटायची असतात. उशीर झाला तर बियाण्यात भेसळ होते आणि अख्खा प्लॉट बाद.

त्या वर्षी जुलै संपत आला तरी सुपरवायझरांच्या फाइली येतच होत्या. तारखा ज्याच्या त्याच्या तऱ्हेच्या. कुणी मधे टिंब द्यायचं, कुणी तिरपी रेघ, कुणी वर्षच गाळायचं. हातानं दुरुस्त करून डोळे जायची वेळ आली, म्हणून व्हिडिओ पाहून पाहून मी एक मॅक्रो लिहिला. बटण दाबलं की टिंबाच्या रेघा व्हायच्या, वर्ष भरलं जायचं, आणि नुसती अक्षरं म्हणून पडलेली तारीख खरी तारीख व्हायची. पहिल्यांदा चालला तेव्हा अक्षरं म्हणून डावीकडं रेललेल्या तारखा एका दमात उजवीकडं सरकल्या. मी खुशीत चहा सांगितला.

चहा यायच्या आतच नजर एका ओळीवर अडकली. लागवड, सहा डिसेंबर. डिसेंबर तर अजून यायचा होता.

खाली सरकत गेले तशा आणखी निघाल्या. मॅक्रो नीट चालला होता. बिघाड आधीचा होता. काही सुपरवायझरांच्या लॅपटॉपवर महिना आधी आणि दिवस नंतर, अशी अमेरिकी पद्धत लागलेली होती. त्यांनी बारा जून टाइप केलं की मशीन ते सहा डिसेंबर धरायचं. तेरा जून मात्र त्याला कळायचं नाही, कारण तेरावा महिनाच नाही. ते अक्षरं म्हणून तसंच राहायचं आणि माझा मॅक्रो ते सुधारायचा. म्हणजे ज्या तारखा आधीपासून सुबक दिसत होत्या, त्याच उलट्या असण्याचा धोका होता.

डिसेंबर पकडणं सोपं होतं. खरी अडचण होती ती सहा जुलैची. सहा जुलै उलटी केली की सात जून होते, आणि कपाशी दोन्ही दिवशी लागू शकते. सगळ्याच उलटवाव्यात, तर चांगल्या लॅपटॉपवरून आलेल्या बरोबर तारखा बिघडल्या असत्या. सुपरवायझर एकमेकांच्या लॅपटॉपवरही तारखा भरायचे, त्यामुळं कोणती ओळ कुठून आली ते कळत नव्हतं. मी उठले, पाणी प्यायले, परत बसले, परत उठले.

साहेबांना तपासणीचं वेळापत्रक त्याच संध्याकाळी पुढं पाठवायचं होतं. मी सांगितलं तर ते म्हणाले, तारखा चांगल्या तर दिसून राह्यल्या, दोन-चार इकडंतिकडं झाल्या तर काय होतं. मी म्हटलं, एक महिना इकडंतिकडं होतो, साहेब. त्यांनी स्क्रीनवरची ती डिसेंबरची ओळ वाचली. मग फोन लावायला हरकत नाही म्हणाले, पण संध्याकाळच्या आत.

सात जूनची चूक असती तर माणूस फक्त लवकर गेला असता, म्हणून ज्याची लागवड सहा जुलै दिसत होती त्या प्रत्येक शेतकऱ्याला मी फोन लावत सुटले. कुणी उचलेना, कुणी घरी विचारून सांगतो म्हणालं. बहुतेकांची तारीख बरोबर निघाली, तसतशी मी उगीच घाबरले की काय असं वाटायला लागलं. मग अंबडकडच्या एका शेतकऱ्याच्या नंबरावर त्याच्या बायकोनं फोन उचलला.

"मावशी, सरकी कव्हा टोबली?"

"मृग निघाला त्याच दिवशी की. पाऊस न्हवता, मंग ठिबकवर टोबली."

मृग निघतो सात जूनला. आता पीक कसं आहे, विचारलं.

"बांधाकडच्या ओळीत फुलं दिसून राह्यलीत. क्रॉसिंगला बाया सांगून ठेवल्यात. तुमचं माणूस कव्हा येणार, बाई? कुणीच आलं न्हाई."

क्रॉसिंग, म्हणजे फुलांना हातानं पराग लावणं, सुरू व्हायला आलं होतं आणि माझ्या वेळापत्रकात त्यांच्या शेतावर माणूस सप्टेंबरच्या तोंडावर जाणार होता. उद्या येतील, मी सांगून टाकलं. साहेबांना नंतर विचारलं.

सकाळी त्या भागाचे सुपरवायझर निघाले तेव्हा मीही जीपमध्ये बसले. ऑफिसात माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नसतं. वाटेत ते दोनदा म्हणाले, "मॅडम, म्या तं बराबर लिवलं होतं." मी म्हटलं, तुम्ही बरोबरच लिहिलं होतं. तरी त्यांचा चेहरा उतरलेलाच राहिला.

शेतात वेगळी झाडं होती, पण थोडी. त्यांना नुकत्याच पात्या, म्हणजे कळ्या, धरलेल्या, फूल एकालाही नव्हतं. सुपरवायझर ती उपटून बांधावर टाकत गेले. मावशी मागून येऊन एकेक झाड हातात घेऊन बघत होत्या. चांगलं दिसणारं झाड का काढलं, असं त्यांनी एकदा विचारलं, आणि पानातला फरक दाखवल्यावर ते झाड परत बांधावर टाकलं. प्लॉट पास झाला.

मॅक्रो मी बदलला. शंका आली की आता तो तारीख बदलत नाही. तो रकाना पिवळा करतो आणि थांबतो. साहेबांना ते पिवळे डाग आवडत नाहीत.

मंठ्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन मात्र शेवटपर्यंत बंदच लागला. तिकडचे सुपरवायझर जाऊन आले. सरकी उगवलीच नव्हती म्हणे. त्यानं मोडून सोयाबीन पेरलं होतं. त्या ओळीत कोणती तारीख लिहू, मी साहेबांना विचारलं. बघू, म्हणाले. ती जागा अजून मोकळी आहे, आणि मॅक्रो चालवला की दरवेळी तिथं येऊन थांबतो.