आप्पांनी सुधारलेला उखाणा

पालीचे आप्पा सुर्वे जन्मभर मराठीचे मास्तर. समोरच्याचं लिंग-वचन चुकलं की त्यांची जीभ आपसूक पुढे यायची. निवृत्त झाले तरी ती खोड गेली नाही.

मुलगा सलिल लाटवियात नोकरीला. तिथलीच इल्झे सून होऊन घरी आली. सत्यनारायण झाला आणि बायकांनी तिला नाव घ्यायला लावलं. पदर सावरत ती उभी राहिली.

"कोकणच्या किनारी वारा घुमतो, सलिलच्या घरी जीव माझी रमते."

"माझा! रमतो!" आप्पा पाटावरूनच गरजले. "जीव पुल्लिंगी!"

माजघर खो-खो हसलं. इल्झेचे कान लाल झाले.

"अहो, सून नाव घेतेय, परीक्षा देत नाहीये," कमलाबाई नवऱ्यावर करवादल्या.

पण व्हायचं ते होऊन गेलं. इल्झे मराठीचा शब्द काढीना. चहा विचारला तर नुसती मान हलवायची.

"कितीतरी दिवस आरशासमोर पाठ करत होती ती," सलिल एवढंच म्हणाला. आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोर अशीच मुकी परत गेली तर?

माफी मागायला तोंड उघडेना. मग ते सलिलचं लाटवियन शिकायचं पुस्तक घेऊन ओटीवर बसले. त्या भाषेत नपुंसकलिंगच नाही. 'माया' म्हणजे घर, स्त्रीलिंगी, अनेकवचन 'मायास'. 'गल्ड्स' म्हणजे टेबल. शेवटी 'स' म्हणून पुल्लिंगी, अनेकवचन 'गल्डि'. सोपं वाटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या विमलाकाकू सहकुटुंब जेवायला होत्या. ताटातल्या बांगड्यांकडे बोट दाखवून आप्पा सुनेला म्हणाले, "एक झिव्स, अनेक झिवि! काय?"

इल्झेने पंगतीवरून नजर फिरवली. "बरोबर, आप्पा."

"मास्तर या वयात परदेशी भाषा शिकले हो!" विमलाकाकू कौतुकाने म्हणाल्या. आप्पा फुलले.

दुपारी त्यांनी पुढचं पान उलटलं. 'झिव्स', मासा. शेवटी 'स' असूनही स्त्रीलिंगी. अनेकवचन 'झिविस'.

इल्झे विहिरीवर चादरी धूत होती. आप्पा तिथे जाऊन उभे राहिले.

"मी चुकलो होतो. सांगितलं का नाहीस?"

"सगळे बसले होते, आप्पा."

"त्या दिवशीही सगळे बसले होते गो," आप्पा कसेबसे म्हणाले.

इल्झेने ओल्या चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा. मी पिळते."

आप्पांनी ते घट्ट धरलं. तिच्याकडे बघायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.