महिन्याला एक वडी

अंगाला, कपड्यांना आणि पाळीच्या कापडांना मिळून एक साबण महिनाभर पुरवून दाखवाल? धुण्याच्या साबणाचा वास आला की किनवटचं आमचं मुलींचं वसतिगृह आठवतं; तिथं महिन्याला साबणाची एकच वडी मिळायची. शेजारच्या खाटेवरच्या मुलीची वडी दहा तारखेलाच संपली. जेवणाच्या रांगेत तिनं दुसरी मागितली, तर वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, "साबण खाऊन राहिली काय गं?" सगळ्या हसल्या. माझ्या पेटीत अर्धी वडी होती, तरी मीही हसले. पाळी आलीय हे तिला चारचौघींत सांगता आलं नाही. ती कापडं नुसत्या पाण्यात धुऊन, गादीखाली लपवून ओलीच वापरत राहिली. आठवड्यानं ती तापानं फणफणली, बाप घेऊन गेला, ती परत आलीच नाही. मला आजही लाज वाटते. तुमच्या जवळच्या वसतिगृहात जा, मुलींना एकेकटं विचारा आणि साबण पुरत नसेल तर वसतिगृह चालवणाऱ्या खात्याकडे लेखी तक्रार करा.