वसंताच्या हातची धार

फोन आला तेव्हा माझ्या एका गालाला साबण लागला होता. वसंताचा थोरला मुलगा बोलत होता, "काका, आण्णा गेले..." तोंड पुसलं आणि तसाच भोरला त्याच्या घरी निघालो. वसंतानं आदल्याच आठवड्यात धार लावून दिलेला वस्तरा बेसिनवर उघडाच राहिला. त्या धारेनं अजून एकही दाढी झाली नव्हती. पुढं माझी दाढी वाढतच गेली. लोक म्हणाले, दुःखामुळं. दुःख तर होतंच हो, पण वसंताच्या हातची ती शेवटची धार होती. वापरली की संपणार, म्हणून मी वस्तऱ्याला हात लावत नव्हतो.

कापूरहोळला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून वसंताचं सलून. उभा जन्म असा शेजारात गेला. भांडलोही भरपूर, तो लई खवचट. गिऱ्हाइकांना तोही ब्लेडच वापरायचा, पण माझी दाढी मात्र वस्तऱ्यानंच करायचा, आणि माझ्या घरच्या वस्तऱ्यालाही तोच धार लावून द्यायचा. करताना कुरकुर ठरलेली, "धार न्हाई रं बाळ्या मनासारखी. दादांचा दगुड पायजे हुता." त्याचे वडील वारले तेव्हा त्यांच्या धोकटीतला धार लावायचा दगड कुठं गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. बाजारातले किती दगड त्यानं आणले आणि फेकले! वडलांच्या हाताला होती ती धार एकदा तरी आपल्या हाताला यावी, एवढाच त्याचा ध्यास.

एकदा पालीला त्याच्या आत्याकडं जेवायला गेलो होतो. म्हातारी देवापुढं बसून गंध उगाळत होती आणि करवादत होती, "मेलं गंधच उतरंना या सहाणंवर. पयल्यापासनं असंच."

वसंता भरल्या ताटावरून उठला. सहाण घेऊन मोरीवर गेला, खळखळून धुतली, ओल्या दगडावरून नख फिरवलं आणि मला हाक मारली.

"आत्ये, गंध उतरंल कसं? ह्यो दादांचा दगुड हाय!"

"गप ए! देवापुढची सहाण ती. गालफडं खरवडायला न्हेतोस व्हय?"

भाऊ गेल्यावर त्याची आठवण म्हणून तिनं तो नेला होता आणि एवढा गुळगुळीत दगड म्हणजे सहाणच, असं धरून चालली होती. वसंतानं भोरच्या बाजारातून नवी सहाण आणून दिली तेव्हा कुठं म्हातारी नरमली. दगड देतानाही आधी त्यावर शेवटचं गंध उगाळून आम्हा दोघांच्या कपाळी लावलं.

मग दगडाची सेवा सुरू झाली. गंध, हळद, तेल, सगळं अंगात मुरलेलं. सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून त्यानं ते हळूहळू काढलं. उगाळून उगाळून मधोमध खळगा पडला होता. दगडावर पेन्सिलीच्या आडव्यातिडव्या रेघा मारायच्या, सपाट फरशीवर पॉलिशपेपर ठेवून घासायचं. कडेच्या रेघा जायच्या, मधल्या राहायच्या, म्हणजे खळगा अजून होताच. गिऱ्हाइकं खोळंबायची, हा आपला घासतोय! मी शिव्या घातल्या. शेवटी सगळ्या रेघा एकदम गेल्या आणि खालून निळसर राखाडी दगड निघाला, शेवाळी शिरा असलेला. कुठल्या खाणीतला, देव जाणे.

त्या दिवशी त्यानं माझी दाढी केली. वस्तरा फिरतोय हे कळतच नव्हतं. एवढ्या मायेनं माझ्या तोंडावरून आईनंतर कुणाचा हात फिरला नव्हता. "आली रं, दादांची धार आली," म्हणाला आणि खुर्चीमागं उभा राहून रडला.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. "भावजी, काय ह्यो अवतार? त्यांनी धार लावली ती दाढीसाठीच की. ठिवून गंजंल." आणि दगड माझ्या हातात दिला. "हितं आता कोण वापरतंय? तुमीच न्या."

बाईचं खरं होतं. दाढी केली. फुलासारखी झाली. मग धार पुरवून पुरवून वापरू लागलो, चामोटीच्या चामड्यावर ओढून, दोन दिवसांआड, कधी चार... पण आज हनुवटीखाली केस ओढला गेला. दुसऱ्यांदा फिरवला, पुन्हा ओढला. संपली.

दगड ओला करून समोर ठेवलाय. वस्तरा त्यावर आडवा टेकवलाय. हात पुढं सरकत नाही. वसंता, दाब किती द्यायचा रे?